हॉर्नवाल्यांना सांगायचं राहिलं

केंदेरेशी लोरांत गेले तेव्हा आमच्या पेपरात अर्धं पान छापून आलं. त्यात एक वाक्य असं होतं की मास्तरांचं आमच्या शहरावर इतकं प्रेम, की बुडापेस्टची आणि परदेशची आमंत्रणं नाकारून ते जन्मभर इथल्याच ऑर्केस्ट्रापुढे उभे राहिले. वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लिहिणारा पोरगा पंचवीस वर्षांचा, त्याचा काय दोष? त्याला लोकांनी सांगितलं ते त्यानं लिहिलं. आणि लोकांना हे वर्षानुवर्षं सांगत फिरणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मीच होते.

माझं नाव मात्युश बोरबाला, आमच्याकडे आडनाव आधी लावतात. सगळे बोरी म्हणतात. ऑर्केस्ट्राच्या नोटेशनच्या खोलीत मी छत्तीस वर्षं काम केलं. वादकांना वाटतं संगीत आपल्या बोटांत असतं. असेल बापडं. पण दुसऱ्या दिवशी काय वाजवायचं ते माझ्या कपाटात असायचं. मास्तरांसाठी एक जाडजूड पुस्तक असतं, त्यात सगळ्या वाद्यांचं सगळं लिहिलेलं. त्याला मी पोथी म्हणायचे. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचं असतं, त्या वह्या. एका सिंफनीला एक पोथी आणि साठेक वह्या. त्या हातानं उतरवायच्या, फाटल्या की चिकटवायच्या, आणि मास्तरांनी काही बदललं की तो बदल पेन्सिलीनं साठच्या साठ वह्यांत करायचा. कुणी नाव घेत नाही अशा कामाचं. चुकलं तरच नाव निघतं.

मास्तर आमच्याकडे सत्तावन्न साली आले. त्यांच्या आधीचे मास्तर छप्पन्नच्या नोव्हेंबरात, रशियन रणगाड्यांनी उठाव चिरडल्यावर, एक सूटकेस घेऊन ऑस्ट्रियाची सीमा ओलांडून गेले होते, आणि त्यांच्याबरोबर दोन व्हायोलिनवाले आणि आमचा एकुलता एक चांगला ओबोवाला. राहिले होते ते म्हातारे आणि भित्रे. त्यांच्यापुढे हा तीस वर्षांचा हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. बाप खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. बुडापेस्टला शिकायला होता तेव्हा युद्ध नुकतंच संपलेलं. खायला चरबी फासलेला पाव आणि वर कांदा. पोथ्या विकत घेण्याची ऐपत नाही आणि ग्रंथालय पोथी घरी नेऊ देत नाही, म्हणून तिथेच बसून मास्तर त्या पाठ करायचे. एका हिवाळ्यात त्यांनी नऊ सिंफन्या पाठ केल्या, कारण ग्रंथालयात शेगडी होती आणि खोलीवर नव्हती. हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

पण ती पाठांतराची गोष्ट नुसती गंमत नव्हती. मास्तर पोथीशिवाय उभे राहायचे. पुढे स्टँडच नाही. नजर सतत वादकांवर. तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलावाल्यालासुद्धा वाटायचं की हा माणूस फक्त माझ्याकडे बघतोय. तालमीत म्हणायचे, "दुसरा क्लॅरिनेट, दोनशे एकतिसाव्या आवर्तनात तुमचा सूर एक पायरी खाली आहे. वही बघा, बोरीनं बरोबर लिहिलंय, तुम्ही चष्मा बदला." वही उघडली की तसंच असायचं. त्या दोन-चार वर्षांत भित्र्या लोकांचा तो ऑर्केस्ट्रा छाती काढून वाजवायला लागला. मास्तरांच्या सगळ्या ऐटीचं, सगळ्या धैर्याचं मूळ तिथे होतं. डोक्यातलं कुणी काढून घेऊ शकत नाही, असं ते म्हणायचे.

मला नोकरी लावली तीही त्यांनीच. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. सरकारनं ती घेतली आणि गिरणीवाल्याची मुलगी हा शिक्का माझ्या कपाळी मारला. संगीताच्या कॉलेजनं दोनदा अर्ज परत पाठवला. व्हायोला बरा वाजवायचे, पण बरा वाजवणाऱ्या गिरणीवाल्याच्या मुलीला कोण विचारतो? तेव्हा मास्तर आमच्या व्यवस्थापकांना, कॉम्रेड हॉल्मोशना, म्हणाले, "हिचं अक्षर छापल्यासारखं आहे. हिला घ्या, नाहीतर उद्यापासून वह्या तुम्ही उतरवा." हॉल्मोशनी घेतलं, पण मला बोलावून सांगितलं, "एक चूक, आणि दार त्या बाजूला आहे, कॉम्रेड मात्युश." बोटानं दार दाखवलंही.

आता सहासष्ट सालचा डिसेंबर. तारीख चार, रविवार. तारीख मी विसरणं शक्य नाही, कारण चार डिसेंबर म्हणजे बोरबालांचा दिवस, माझा नामदिवस. वाढदिवस कुणाला माहीत नसतो, पण नामदिवस कॅलेंडरवर छापलेला असतो, त्यामुळे लपता येत नाही. ज्याचा दिवस त्यानं खाऊपिऊ घालायचं. मी पोगाचा भाजून आणले होते, छोटे खारट पाव, वर चीज लावलेले, आणि मामाकडची पालिंका, म्हणजे जर्दाळूची कडक दारू.

त्याच संध्याकाळी मोठा कार्यक्रम होता. बुडापेस्टच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राला नवा मास्तर हवा होता, आणि तिथला एक माणूस आमच्या मास्तरांना ऐकायला येणार होता. शिवाय रेडिओवरून थेट प्रसारण. कार्यक्रमाचा शेवट रोझगोनीच्या सिंफनीनं. रोझगोनी आमच्याच गावचा. मरून साठ वर्षं झाली, त्याच्या नावाचा रस्ताही आहे. माणूस पाल्हाळिक. शेवटच्या भागात शिकाऱ्यांची ललकारी येते, चार हॉर्नवाले ती वाजवतात. हॉर्न म्हणजे आमचं ते पितळेचं वेटोळं, ज्याच्या तोंडात मूठ घालून वाजवतात. ललकारी झकास आहे, पण ती येईपर्यंत आणि गेल्यावर रोझगोनी इतका रेंगाळतो की पूर्वीचे मास्तर ललकारीसकट चौसष्ट आवर्तनं सरळ गाळून टाकायचे. आमच्या मास्तरांनी ती परत आणली होती. तालमीत पूर्ण वाजवलं, सकाळच्या शेवटच्या तालमीतही पूर्ण.

दुपारी एकला रेडिओवाला घड्याळ घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, दहाला बातम्या. दोन मिनिटं जास्त होतायत. बातम्या माझ्या बापासाठीही थांबत नाहीत."

मास्तर नोटेशनच्या खोलीत आले. कोट खांद्यावर, तोंडात पोगाचा. म्हणाले, "बोरी, ती जुनी गाळणी परत घाल. चौसष्ट आवर्तनं. सगळ्या वह्यांत. आणि हॉर्नवाल्यांना विसरू नकोस, ते वह्या घरी नेतात, स्टँडवर सापडणार नाहीत. आले की पहिलं त्यांना गाठ. आणि नामदिवसाच्या शुभेच्छा, पोगाचा उत्तम आहे."

हे त्यांचे शब्द. एकही इकडचा तिकडे नाही.

गाळणीची खूण सोपी असते. उडी मारायची तिथे पेन्सिलीनं "वी" लिहायचं, उतरायचं तिथे "दे", आणि मधल्या भागावर आडवी रेघ. मी दुपारभर स्टँडमागून स्टँड फिरत होते. व्हायोलिनवाले, चेलोवाले, बासरी, ओबो, ट्रम्पेट, अगदी नगारेवाल्याची वही, ज्यात त्या जागी नुसता विसावा आहे. यादीत एकेकावर खूण करत होते. सहा वाजता फक्त हॉर्न राहिले होते, चार वह्या. मी खोलीत येऊन वाट बघत बसले.

साडेसहाला ते आले, चौघं एकदम, नामदिवसाच्या शुभेच्छा द्यायला. सगळ्यांत पुढे पहिला हॉर्न, झेंताई बॉर्ना. त्याच्या हातात चेरीची फांदी. आमच्याकडे बोरबालाच्या दिवशी चेरीची फांदी तोडून घरात पाण्यात ठेवतात. नाताळला फुलली तर मुलीचं वर्षात लग्न होतं. मुली आपली आपण ठेवतात. पुरुषानं आणून देणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मागचे तिघं खोकायला लागले.

"बोरीबाई, नीट पाणी घाला हं," त्यातला म्हातारा विंत्से म्हणाला, "नाहीतर आमच्या बॉर्नाला पुन्हा झाडावर चढावं लागेल, आणि त्याचं वजन बघा."

"काका, तुम्ही आधी पालिंका घ्या आणि गप बसा," मी म्हणाले.

"गप बसतो की. एक ग्लास डाव्या कानासाठी, एक उजव्या."

मी सव्वीस वर्षांची होते. चेहरा तापला होता, फांदी ठेवायला भांडं सापडत नव्हतं, पालिंका सांडत होती, चौघं चिडवत होते. तेवढ्यात घंटा झाली. चौघं आपापल्या वह्या काखेत मारून पळाले. यादी टेबलावर पडली होती, तिच्यावर पोगाचाची ताटली. मी ती ताटली उचलली ते कार्यक्रम सुरू होऊन दोन तास उलटल्यावर. तोवर रोझगोनीचा तिसरा भाग संपत आला होता.

मी धावले. स्टेजच्या बाजूच्या दारापर्यंत पोचले तेव्हा शेवटचा भाग सुरू झाला होता. आता काय करणार? रेडिओ चालू, सभागृह भरलेलं. मी दाराच्या फटीतून बघत राहिले. उडीची जागा आली. साठातल्या छप्पन्न लोकांनी उडी मारली आणि नेमके जिथे उतरायचं तिथे उतरले. तिथे एकटी बासरी असते आणि खाली चेलोंची कुजबुज. हॉर्नवाले मात्र त्यांच्या वहीत होतं तसे विसाव्याची आवर्तनं मोजत होते. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं असणार. पण तीस वर्षं मोजत आलेला माणूस कानापेक्षा मोजणीवर विश्वास ठेवतो. मोजणी संपली, आणि चौघांनी छाती भरून ती शिकाऱ्यांची ललकारी त्या बासरीच्या डोक्यावर घातली.

बासरीवाली थांबली. चेलो विस्कटले. कुणी ललकारीच्या मागे गेलं, कुणी बासरीच्या. मास्तरांनी दोन्ही हात खाली घेतले. थेट प्रसारणात सगळं थांबलं. मास्तर अर्धे वळून म्हणाले, "माफ करा. चूक माझी आहे." मग त्यांनी वादकांना जागा सांगितली, हात उचलला आणि शेवटापर्यंत वाजवून घेतलं.

लोकांनी शेवटी आमच्या पद्धतीच्या लोखंडी टाळ्या दिल्या, म्हणजे अख्खं सभागृह एका ठेक्यात. एरवी तो मान असतो. त्या दिवशी ती दया होती, आणि मास्तरांना ते कळत होतं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती लाल झाली होती.

मागच्या बोळात हॉर्नवाले आधीच भांडत होते. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही," विंत्से सगळ्यांना ऐकवत होता. कॉम्रेड हॉल्मोश आले. घाम आलेला. "कुणी सांगायचं होतं? मला नाव हवंय."

मास्तर तेवढ्यात पोचले. रुमालानं कपाळ पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बोरी, मी तुला हॉर्नवाल्यांचं सांगितलं होतं ना?"

हॉल्मोश माझ्याकडे बघत होते. बॉर्नाही.

मी म्हणाले, "नाही, मास्तर. तुम्ही व्हायोलिन-चेलो आणि बासऱ्या-क्लॅरिनेट एवढंच म्हणालात. मला वाटलं, हॉर्नवाल्यांना तुम्ही स्वतः सांगणार."

मास्तरांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "असं का. मग माझंच." माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. बुडापेस्टचा माणूस आधीच हॅट घेऊन गेला होता. त्याच्याकडून पत्र आलं नाही.

आता जे सांगते ते ऐकून कुणाला मी मूर्ख वाटेन, वाटू दे. ते थोपटणं मी माफी समजले. मला वाटलं, मास्तरांना सगळं माहीत आहे. जो माणूस नऊ सिंफन्या पाठ करतो तो स्वतःचं दुपारचं वाक्य विसरेल? त्यांनी ओळखलं की पोरगी खोटं बोलते, आणि हॉल्मोशपासून मला वाचवण्यासाठी चूक स्वतःवर घेतली. किती मोठं मन, म्हणून मी घरी जाऊन रडले. त्या मोठ्या मनाच्या सावलीत मी पुढचं आयुष्य अगदी सुखात काढलं. कबूल कशाला करायचं? त्यांना माहीतच आहे. उगाच जखमेवरची खपली काढून त्यांना अवघडवायचं कशाला?

फांदी फुलली. बॉर्नाशी लग्नही झालं. अकरा वर्षांनी तो एका हार्पवालीबरोबर सेगेदला निघून गेला. ज्याच्यासाठी मी हॉर्नवाल्यांना विसरले तो माणूस हा असा.

नाताळनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात मास्तरांपुढे स्टँड आला. स्टँडवर पोथी. मला वाटलं, एखाद्या वेळी असतं. पण तो स्टँड पुन्हा हलला नाही. मास्तर पानं उलटायचे. नजर वर यायची, पण उशिरा, आणि लगेच खाली जायची. वाजवणं वाईट झालं नाही, हे म्हणायलाच हवं. नीटनेटकं झालं. वर्गातल्या शहाण्या मुलासारखं. विंत्से काका निवृत्त होताना म्हणाला होता, "पूर्वी हा माणूस माझ्याकडे बघायचा गं. आता माझ्या जागेकडे बघतो." खिशात एक छोटी वहीही आली. त्यात ते सगळं लिहायचे: कुणाला काय सांगितलं, किती वाजता. आपल्या बायकोनं, इल्कानं, आणायला सांगितलेला पावसुद्धा. लोक म्हणाले, वय वाढतंय. वय होतं चाळीस.

एकाहत्तर साली फिनलंडहून आमंत्रण आलं. अठ्ठ्याहत्तरला पुन्हा बुडापेस्टहून. दोन्ही नकार मीच टाइप केले. "प्रकृतीच्या कारणास्तव." प्रकृती तर ठणठणीत होती. मी मनात म्हणाले, गाव सोडवत नाही बिचाऱ्यांना. आणि बाहेर सगळ्यांना तसंच सांगितलं.

नव्याण्णव साली ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं झाली. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं, इल्का वारलेली, मीही निवृत्तीच्या दारात. नवी व्यवस्थापक रेका, तिशीची, कामाला चटपटीत. तिनं मला गाठलं.

"बोरी मावशी, समारंभात रोझगोनीचा शेवटचा भाग मास्तरांनी करायचा असं ठरलंय. चौदा मिनिटं फक्त. मी तीनदा फोन केला, ते नाही म्हणतात. तुमचं ऐकतील."

"माझं का ऐकतील?"

"अहो, सगळ्यांना माहितीये, तुमच्यावर त्यांचा जीव आहे."

मी गेले. नोव्हेंबरातली सकाळ, दहा वाजले असतील. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मास्तरांनी दार उघडलं. वाळले होते, पण दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. घरात जिथे तिथे चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गॅसवर: बंद केला का? दारावर: किल्ली. कपाटावर: मंगळवार, औषधवाला. मला वाईट वाटलं. वाटलं, आलंच शेवटी म्हातारपण.

मास्तरांनी कॉफी केली. मी समारंभाचं काढलं. त्यांनी मान हलवली.

"नको, बोरी. माझा भरवसा नाही."

"मास्तर, चौदा मिनिटं. पोथी पुढे असेल. झोपेतही कराल तुम्ही."

"तू हे म्हणतेस? तू तर तिथे होतीस."

"कुठे?"

"सहासष्टला. मी हॉर्नवाल्यांना विसरलो ते." त्यांनी कपात साखर घातली, ढवळली. "लोकांना वाटतं या चिठ्ठ्या वयामुळे आहेत. दुखणं जुनं आहे गं. मी त्या दुपारी सगळ्यांचं सांगितलं आणि हॉर्नवाल्यांचं सांगितलंच नाही. आणि गंमत अशी, की मला स्पष्ट आठवत होतं मी सांगितलं म्हणून. तुझ्यापुढे उभा राहून, तोंडात पोगाचा धरून सांगितलं. आवाजसुद्धा ऐकू येत होता माझा. तू नाही म्हणालीस तेव्हा कळलं की हे सगळं माझ्या डोक्यानं रचलंय. विसरणं परवडतं एकवेळ. न घडलेलं इतकं स्वच्छ आठवणाऱ्या डोक्याचं काय करायचं? त्यानंतर मी त्याच्यावर कधी विसंबलो नाही."

मी कप खाली ठेवला. ठेवला म्हणते, पण बशी चुकली आणि कॉफी टेबलावर गेली. ते फडकं आणायला उठायला लागले.

"बसा मास्तर," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं."

"काय?"

"तुम्ही मला सांगितलं होतं. मी विसरले. बॉर्ना फांदी घेऊन आला आणि मी विसरले. मग हॉल्मोशला घाबरून खोटं बोलले. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. देवाशपथ, मास्तर, इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मला वाचवलंत."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं. "शब्द सांग."

मी सांगितलं. सगळ्या वह्यांत. हॉर्नवाल्यांना विसरू नकोस. ते वह्या घरी नेतात, स्टँडवर सापडणार नाहीत. आले की पहिलं त्यांना गाठ.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते, आणि शेवटचं वाक्य त्यांनीच माझ्याआधी पूर्ण केलं.

मग ते बोलायला लागले. माझ्याशी नव्हे. समोरच्या भिंतीकडे बघत, हलक्या आवाजात, गाळलेल्या भागाच्या पहिल्या आवर्तनापासून. व्हायोलिन कुठे चढतात, दुसरा ओबो कुठे थांबतो, नगारेवाला किती मोजतो, पहिला हॉर्न कोणत्या सुरावर घुसतो आणि तिसरा त्याच्याखाली कसा येतो. चौसष्टच्या चौसष्ट. ती सिंफनी मी दोनदा हातानं उतरवून काढलेली आहे, मी मनात ताडून बघत होते. एक सूर चुकला नाही. एक विसावा चुकला नाही. दहा वर्षांत त्यांनी ती पोथी उघडली नव्हती.

संपलं तेव्हा ते म्हणाले, "सगळं होतं की गं."

मी रडत होते. म्हणाले, "मास्तर, आता तरी या. पोथी नको, काही नको. लोकांना दाखवा."

"आता कसा येऊ?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "तिथे उभा राहिलो, आणि सगळं असंच आठवत गेलं, तर मधली तेहेतीस वर्षं मी कुठे ठेवू?"

मी फडकं आणून टेबल पुसलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, बोरी. मी तर सांगितलं होतं. ज्यांना मी म्हणालो की चूक माझी आहे, त्यांना सांग."

ज्यांना म्हणाले होते त्यातले निम्मे मातीखाली होते. हॉल्मोश गेले होते, विंत्से गेला होता. बॉर्ना सेगेदला, फोन उचलत नाही. तरी मी सांगायचं ठरवलं. समारंभाच्या दिवशी सकाळच्या तालमीला मी रेकाला विचारून पुढे उभी राहिले, जिथे मास्तर उभे राहायचे तिथे. पाहुणा मास्तर बाजूला घड्याळ बघत थांबला होता. समोर साठ चेहरे, बहुतेक सगळे सहासष्टनंतर जन्मलेले. मी सगळं सांगितलं. नामदिवस, फांदी, यादी, हॉल्मोश, माझं खोटं. केंदेरेशी मास्तरांची चूक नव्हती, त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांची आठवण कधीच खोटी नव्हती, असं मोठ्यानं म्हणाले.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मुलं सभ्य आहेत. दोघातिघांनी आपले व्हायोलिनचे गज स्टँडवर हलकेच आपटले, मान द्यायची आमची रीत आहे तसे. मग मागच्या रांगेतून एका हॉर्नवाल्या पोरीनं हात वर केला. तिनं आपली वही उघडली होती आणि पेन्सिल हातात तयार ठेवली होती.

"सॉरी हं, बोरी आजी," ती म्हणाली. "म्हणजे आज आम्ही ती उडी मारायची की नाही?"

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण वाजवा."

तिनं वहीत तसं लिहून घेतलं.